सिलोनच्या बोटीचं स्टेशन

धनुष्कोडी स्टेशनात उतरणाऱ्या बहुतेकांना धनुष्कोडीत काहीच काम नसायचं. गाडी थांबली की सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचं, कस्टमच्या माणसापुढे ट्रंक उघडायची, कागद दाखवायचे आणि धक्क्याला लागलेल्या बोटीत चढायचं. काही तासांत पलीकडे सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. तिथं तलैमन्नारच्या धक्क्यावर दुसरी गाडी उभी असे, ती कोलंबोला पोचवी. मद्रासच्या एग्मोर स्टेशनात काढलेलं तिकीट आधी रेल्वे, मग बोट आणि पुन्हा रेल्वे असं थेट कोलंबोपर्यंत चाले. गाडीचं नावही सरळच होतं : बोट मेल.

आज त्या स्टेशनाच्या थोड्या भिंती उरल्या आहेत. छप्पर नाही, रूळ नाहीत, फलाट वाळूनं गिळला आहे. रामेश्वरमहून आलेला पर्यटक गाडीतून उतरतो, भिंतीला टेकून फोटो काढतो, शंख-शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या टपरीवर घासाघीस करतो. गाईड त्याला १९६४च्या डिसेंबरातल्या वादळाची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी आहे. वादळानं स्टेशन एका रात्रीत नेलं, यात शंका नाही. पण त्याच वादळानं मोडलेला पांबनचा पूल दीड महिन्यात पुन्हा उभा राहिला आणि त्याच्या पुढचे धनुष्कोडीचे रूळ साठ वर्षांत परत आले नाहीत, हे कसं? त्यासाठी हे स्टेशन मुळात कुणासाठी बांधलं होतं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

रामेश्वरम हे बेट आहे, हे नकाशा पाहिल्याशिवाय अनेकांच्या लक्षात येत नाही. या बेटाचं एक निमुळतं शेपूट आग्नेयेला सिलोनच्या दिशेनं लांबत जातं. तेच धनुष्कोडी. रामेश्वरम गावापासून साधारण वीस किलोमीटर. नुसती वाळू, मधूनमधून बाभळी आणि ताड. उजवीकडे मन्नारचं आखात, डावीकडे बंगालचा उपसागर. इथले कोळी एका समुद्राला ‘आण् कडल’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘पेण् कडल’, म्हणजे पुरुष समुद्र आणि बाई समुद्र. मन्नारचा तो खवळणारा, पलीकडची ती शांत. वारा फिरला की होड्या एका बाजूच्या उचलून दुसऱ्या बाजूला न्यायच्या, असा इथला धंदा. सिलोनचा किनारा इथून तीस किलोमीटरच्या आत. भारतात सिलोनला इतकी जवळची जागा दुसरी नाही, आणि रेल्वेच्या साहेबांना हवी होती ती नेमकी हीच गोष्ट.

सिलोनला एवढं जाणार तरी कोण? मुख्यतः मजूर. सिलोनच्या डोंगरांत इंग्रजांनी आधी कॉफी लावली. १८६९नंतर कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला, मळे बसले आणि त्यांच्या जागी चहा आला. पीक बदललं, पण राबणारे हात तेच राहिले : तमिळ मुलखातल्या कोरडवाहू जिल्ह्यांतली, बहुतांश दलित कुटुंबं. सुरुवातीच्या पिढ्या होडीनं मन्नारला उतरून जंगलातून पायी डोंगर गाठत, आणि त्या वाटेवर पटकीनं, तापानं माणसं पटापट मरत. पुढे सिलोन सरकारनं आपली छावणी भारताच्याच जमिनीवर, बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबनच्या पुलाच्या अलीकडे मंडपमला उभारली. मजुरांना आधी तिथं क्वारंटाइनमध्ये ठेवायचं, रोगराई नाही याची खात्री करायची आणि मगच पुढे सोडायचं. ‘मंडपम कॅम्प’ हे स्टेशनाचं नाव आजही आहे. या छावणीकडे पुन्हा यावंच लागेल.

धनुष्कोडीला रेल्वे येण्याआधी मद्रासहून कोलंबोचा रस्ता तुतिकोरिनवरून जाई. गाडीनं तुतिकोरिन, तिथून रात्रभर आगबोट. या मार्गावर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची सत्ता होती. १९०६मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै या वकिलानं तिला शह द्यायला ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ काढली. हा लोकमान्य टिळकांचा पक्का अनुयायी. त्याच्या ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन बोटी तुतिकोरिन-कोलंबो धावू लागल्या, भाड्याची लढाई पेटली. १९०८मध्ये, टिळकांना मंडालेला धाडलं त्याच वर्षी, चिदंबरम यांनाही राजद्रोहाखाली शिक्षा झाली आणि १९११मध्ये कंपनी गुंडाळली गेली. पांबनच्या पुलाचं काम साधारण तेव्हाच सुरू झालं होतं.

थेट सिलोनपर्यंत पूल टाकायचा बेतही कागदावर होऊन गेला होता. मधल्या उथळ समुद्रातून, ज्याला आपण रामसेतू म्हणतो त्या वाळूच्या बेटांच्या रांगेवरून, रूळ न्यायचे. खर्चाचा आकडा पाहून तो बारगळला. मग मधला मार्ग निघाला : बेटापर्यंत पूल, बेटाच्या टोकापर्यंत रूळ आणि पुढे बोट.

२४ फेब्रुवारी १९१४ला पांबनचा पूल खुला झाला. दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब, १४५ गाळ्यांचा, समुद्रावरचा भारतातला पहिला पूल. मधला गाळा शिकागोच्या शेर्झर कंपनीच्या पद्धतीचा. जहाज आलं की त्याची दोन पाती दोन्ही बाजूंनी वर उचलली जात, तीही माणसांनी हातानं लिव्हर फिरवून. त्याच वर्षी पलीकडे सिलोनच्या रेल्वेनं तलैमन्नारपर्यंत रूळ आणले. साउथ इंडियन रेल्वेची मीटरगेज गाडी धनुष्कोडीच्या धक्क्याला टेकू लागली आणि तुतिकोरिनच्या प्रवासी वाहतुकीचा जोर ओसरला.

वाळूच्या त्या पट्टीवर मग एक गाव उभं राहिलं. स्टेशन, रेल्वेचं इस्पितळ, कस्टम, बंदराचं ऑफिस, पोस्ट आणि तार, शाळा, चर्च, देऊळ, उतारूंसाठी धर्मशाळा. रेल्वेच्या बोटींना मोठ्या साहेबांची नावं होती : ‘आयर्विन’ व्हाइसरॉयवरून, ‘गोशेन’ मद्रासच्या गव्हर्नरवरून. गावात जे काही पक्कं होतं ते बोटीच्या आधारानं होतं. कोळी आधीपासून होतेच, पण त्यांच्या झोपड्यांसाठी कुणी पूल बांधला नसता.

यात्रेकरूंसाठीही बांधला नव्हता, आणि मराठी वाचकाला हे थोडं खटकेल. काशी-रामेश्वर हा आपल्याकडे आयुष्यातला मोठा बेत. काशीहून रामेश्वरासाठी चालवलेलं गंगाजल संत एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही कथा मराठी घरातल्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असते. यात्रेची रीत अशी की धनुष्कोडीला सेतुस्नान करायचं, तिथली वाळू प्रयागला नेऊन त्रिवेणीत सोडायची आणि गंगाजल आणून रामेश्वराला घालायचं. या वाटेवर मराठ्यांची खूणही आहे. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या रस्त्यावर छत्रं, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली होती. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ती छत्रं आपल्याकडेच राहू द्या म्हणून गळ घातली. कुठल्याही जातीच्या वाटसरूला तिथं जेवण मिळतं, आजाऱ्याला वैद्य मिळतो, वाटेत अडलेल्या बाईचं बाळंतपणही होतं, असं राजे त्यात सांगतात. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र त्यांचंच.

पण रेल्वेच्या नकाशावर देवाला दुय्यम जागा होती. मुख्य मार्ग पांबनहून थेट धनुष्कोडीला जाई आणि रामेश्वरम हा पांबन जंक्शनवरून फुटणारा फाटा होता. दुसऱ्या महायुद्धात तर रामेश्वरमचा थांबाच रद्द झाला. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ‘विंग्ज ऑफ फायर’मध्ये, म्हणजे आपल्या ‘अग्निपंख’मध्ये, याची आठवण सांगितली आहे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धनुष्कोडीकडे जाणाऱ्या चालत्या गाडीतून रामेश्वरम रोडला खाली फेकले जात. ते झेलायला कलामांच्या चुलतभावाला एक मदतनीस हवा होता. तो मदतनीस म्हणजे शाळकरी कलाम, आणि ती त्यांची पहिली कमाई. पुढे क्षेपणास्त्रांच्या निमित्तानं ओळखल्या गेलेल्या माणसाची सुरुवात बोट मेलमधून पडणारे गठ्ठे पकडण्यात झाली. याच पुस्तकात त्यांच्या वडिलांच्या लाकडी होडीचीही हकिगत आहे. यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेणारी ती होडी एका चक्रीवादळात गेली, १९६४च्या कितीतरी आधी.

जमिनीचाही भरवसा नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासाप्रमाणे १९४८-४९मध्ये मन्नारच्या आखाताकडची धनुष्कोडीची दक्षिण बाजू जवळजवळ पाच मीटर खचली. सुमारे अर्धा किलोमीटर रुंद आणि सात किलोमीटर लांब असा पट्टा घरं, रस्ते, देवस्थानांसकट पाण्याखाली गेला. म्हणजे वादळ आलं तेव्हा स्टेशन आधीच अर्ध्या राहिलेल्या गावात उभं होतं. गाड्या चालू राहिल्या, कारण बोटी चालू होत्या.

सिलोन हा शब्द तेव्हा मराठी घरात रोजचा होता, पण तो बुधवारी रात्री रेडिओवर लागणाऱ्या बिनाका गीतमालेमुळे. तमिळ घरात सिलोन म्हणजे चहाच्या मळ्यातला काका नाहीतर मेहुणा. त्या काका-मेहुण्यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न दोन्ही देशांनी ३० ऑक्टोबर १९६४ला कागदावर सोडवला. लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्या करारानुसार सव्वापाच लाख माणसं भारतानं परत घ्यायची, तीन लाखांना सिलोननं नागरिकत्व द्यायचं आणि उरलेल्या दीड लाखांचं नंतर पाहायचं. या माणसांना विचारलं कुणीच नव्हतं. त्यांतल्या अनेकांनी भारत पाहिलेलाही नव्हता. इतकी माणसं धनुष्कोडीच्या धक्क्यावर उतरायची होती. करारानंतर दोन महिन्यांच्या आतच तो धक्का राहिला नाही.

डिसेंबरच्या मध्याला दक्षिण अंदमानच्या समुद्रात, विषुववृत्ताच्या बरंच जवळ, कमी दाबाचा पट्टा तयार झाला. १९ तारखेपर्यंत त्यानं वादळाचं रूप घेतलं. २२ला ते सिलोनच्या वावुनियावरून गेलं आणि त्याच रात्री धनुष्कोडीवर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. लाटा वीस फुटांहून उंच होत्या.

६५३ नंबरची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर त्या रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी पांबनहून निघाली. सहा डबे, ११० प्रवासी आणि रेल्वेचे पाच जण. धनुष्कोडीच्या थोडं अलीकडे सिग्नल दिसेना म्हणून चालकानं गाडी उभी केली, वाट पाहिली, मग शिट्टी देऊन पुढे काढली, असं सांगतात. ‘सांगतात’ एवढंच म्हणता येतं, कारण गाडीतला कुणीच वाचला नाही. ११५ हा आकडा अधिकृत. पॅसेंजर गाडीत विनातिकीट चढणारे धरले तर तो वाढेल, असं स्थानिक लोक म्हणत आले आहेत. तारा तुटल्या होत्या, पूल मोडला होता. गाडी गेली हे बाहेरच्या जगाला लगेच कळलंसुद्धा नाही. त्या वादळात एकूण सुमारे १८०० माणसं दगावली असं मानलं जातं. रामेश्वरमच्या मोठ्या देवळात शेकडो लोकांनी आसरा घेतला आणि पाणी तिथवर चढलं नाही. बेटावर अडकलेल्यांत तमिळ पडद्यावरचे जेमिनी गणेशन, म्हणजे रेखाचे वडील, आणि अभिनेत्री सावित्रीही होते. धनुष्कोडीच्या वाटेवरचं कोदंडरामाचं देऊळ तेवढं टिकलं. बाकी गाव गेलं. मद्रास सरकारनं धनुष्कोडी राहण्यालायक नसल्याचं जाहीर केलं.

पांबनच्या पुलाचे १४५पैकी १२६ गर्डर समुद्रात पडले होते. उचलायचा मधला गाळा मात्र शाबूत राहिला. रेल्वेनं दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरवली, दक्षिण रेल्वेच्या महाव्यवस्थापकांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम सोपवलं ३२ वर्षांच्या एका इंजिनिअरवर, ई. श्रीधरन यांच्यावर. कोकण रेल्वे बांधणारे ते हेच. नवे गर्डर घडवत बसलो तर मुदत हुकणार, म्हणून बुडालेले गर्डर कोळ्यांच्या मदतीनं शोधून पाण्यातून वर काढले आणि पुन्हा खांबांवर चढवले. ४६ दिवसांत पूल चालू झाला. रेल्वेमंत्र्यांकडून श्रीधरन यांना १००० रुपयांचं बक्षीस मिळालं. कोकणातल्या बोगद्यांवरून त्यांचं कौतुक करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे आधीचं प्रकरण माहीत असेल कोण जाणे.

पूल झाला, पण गाडी आता पांबनहून फक्त रामेश्वरमकडे वळू लागली. कालपर्यंतचा फाटा मुख्य मार्ग बनला आणि मुख्य मार्ग वाळूत राहिला. एवढ्या अस्थिर जमिनीवर पुन्हा रूळ टाकू नयेत, हा निर्णय चुकीचा होता असं कुणाला म्हणता येणार नाही. पण बोट बंद झाली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. ती रामेश्वरमच्या धक्क्यावरून तलैमन्नारला जाऊ लागली. थोडा लांबचा पल्ला, थोडा जास्त वेळ, एवढाच फरक. मायदेशी पाठवलेले मळ्यांतले मजूर याच बोटीनं आले. ट्रंका, पोरं आणि फारसं न वापरलेलं नागरिकत्व घेऊन. ज्या मंडपमच्या छावणीतून त्यांचे आजोबा-पणजोबा तपासून पाठवले गेले होते, त्याच रस्त्यानं ते उलटे आले. बोटीची सोय दुसरीकडे झाल्यावर धनुष्कोडीच्या स्टेशनासाठी भांडायला कुणी उरलं नाही. कोळ्यांचा आवाज रेल्वे बोर्डापर्यंत जाण्याइतका मोठा कधीच नव्हता.

बोटही फार टिकली नाही. श्रीलंकेत यादवी पेटली आणि १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात रामेश्वरम-तलैमन्नार सेवा थांबली. पलीकडची तलैमन्नारची रेल्वे १९९०मध्ये युद्धात उखडली गेली. चेन्नईहून सुटणाऱ्या रामेश्वरम एक्स्प्रेसला लोक अजून बोट मेल म्हणतात, पण तिला जोडून बोट नाही.

माणसांचं येणं मात्र थांबलं नाही, फक्त तिकीट उरलं नाही. १९८३पासून निर्वासितांच्या लाटा रात्रीच्या अंधारात मासेमारीच्या होड्यांतून धनुष्कोडीच्या वाळूवर, टोकाच्या अरिचलमुनैला उतरत राहिल्या. जिथं कधी कस्टमचा माणूस ट्रंका उघडायचा, तिथं आता पोलीस आणि तटरक्षक दल नावं लिहून घेऊ लागलं. नावं लिहिली की रवानगी मंडपमच्या छावणीत. मार्च २०२२मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळल्यावर, दूध पावडर आणि रॉकेल परवडेना म्हणून आलेली कुटुंबंही तिथंच गेली.

राहण्यालायक नाही म्हणून सरकारनं सांगितलं तरी कोळी परतलेच. मासळी धनुष्कोडीला होती, मग राहणार कुठं? ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या, छपरावर सौर दिव्याची पाटी, पोरांसाठी छोटी शाळा. बायका वाळूत हातभर खड्डा खणतात, तळाशी हळूहळू पाणी झिरपतं, ते वाटीनं उपसून घागर भरतात. दोन्ही बाजूंना समुद्र असताना हे पाणी गोडं लागतं, कारण पावसाचं पाणी वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. जास्त खोल खणलं की खारं. पर्यटक आले तशा तळलेल्या मासळीच्या टपऱ्या आल्या. आधी वाळूतून टेम्पो व्हॅननं आदळतआपटत यावं लागे. २७ जुलै २०१७ला मुकुंदरायर चत्रम ते अरिचलमुनै हा साडेनऊ किलोमीटरचा पक्का रस्ता खुला झाला आणि आता बसही टोकापर्यंत जाते. रस्ता अर्थातच कोळ्यांच्या मागणीनं झाला नाही, तरी मासळी रामेश्वरमच्या बाजारात लवकर पोचते हा त्यांचा फायदा झालाच.

रूळ परत आणण्याची बातमी अधूनमधून येते. २००७मध्ये रामेश्वरमपर्यंत ब्रॉडगेज झालं. मार्च २०१९मध्ये रामेश्वरम-धनुष्कोडी या सतराएक किलोमीटरच्या मार्गाची पंतप्रधानांनी कोनशिलाही बसवली. तमिळनाडू सरकारनं पर्यावरणाचं कारण देऊन जमिनीला नकार दिला आणि काम पुढे सरकलं नाही. इथं पर्यावरणाची बाजू लंगडी नाही. हा सगळा किनारा नाजूक आहे, आणि जून २०२५मध्ये तर राज्यानं धनुष्कोडीचं सुमारे ५२५ हेक्टर क्षेत्र रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, अभयारण्य म्हणून जाहीर केलं. जुना पांबन पूल गंजून डिसेंबर २०२२मध्ये बंद पडला. त्याच्या शेजारी उभा राहिलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ला, रामनवमीला, खुला झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा विजेवर अख्खा सरळ वर उचलला जातो. त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी रामेश्वरमलाच संपते.

गंमत म्हणजे समोरच्या किनाऱ्यावर रूळ आले आहेत. तलैमन्नारचा मार्ग भारताच्याच इरकॉन कंपनीनं पुन्हा बांधला, आणि मार्च २०१५मध्ये पहिल्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला भारताचे पंतप्रधान तिथं हजर होते. पलीकडे धक्क्याचं स्टेशन आहे, अलीकडे नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये भारत-श्रीलंका प्रवासी बोट एकदाची सुरू झाली, तीही तलैमन्नारला नाही. ती नागपट्टिनमहून निघते आणि जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला जाते.